केवडापाड्याचं हळदीचं पाणी

केवडापाडा बोरिवलीच्या खाडीपलीकडे आहे. तिथवर रस्ता जात नाही, म्हणून ज्यांना रस्त्यानेच जायची सवय त्यांनी तो पाहिलेला नसतो. मीही तरणा होतो तेव्हापासून पाहिला नव्हता, आणि माझा तर जन्म तिथला. आता जाऊन आलोय, तर आमच्या मुलुंडच्या मंडळींसाठी लिहून ठेवतो. शाळा माझी दुसरीपर्यंत. अक्षर वाकडं असेल, पण सांगणं सरळ आहे.

मुलुंड

गिरण्यांचा संप होऊन गेल्यानंतरची गोष्ट. माझ्या थोरल्या नातवाचं, महेशचं, लग्न ठरलं. मुलगी बोरिवलीकडची, आमच्याच आगरी समाजातली. साखरपुड्याला तिचा मामा पुढे बसला होता. पान तोंडात, सोन्याची चेन शर्टाच्या बाहेर. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मुलगा झकास हाय. पन हलदीचं पानी कुठल्या विहिरीचं आननार? मिठागरवाल्यांना गाव ना विहीर."

आमच्यात हळदीच्या आंघोळीचं पाणी आपल्या गावच्या विहिरीवरून आणतात. बायका वाजतगाजत जातात, कळशी भरून आणतात, ती वाटेत भुईला टेकवत नाहीत. मुलुंडला नळ आहे, तोही सकाळी दीड तास. मामाचं बोलणं मला मिरचीसारखं लागलं.

मी उठून म्हणालो, "केवडापाड्याच्या विहिरीचं आणीन. पंचांनी ऐकून ठेवा."

घरी आल्यावर बायको, मंजुळा, हसायलाच लागली. "अवं, त्या पान्याची तुमच्या बापानं शपथ घातलेय ना?"

ते खरं होतं. जर्मनच्या लढाईच्या सालात मामलेदाराचा माणूस पाड्यावर आला आणि म्हणाला, लष्कराला ही जागा पाहिजे, लढाई संपेपर्यंत सगळ्यांनी उठायचं. माझं नि मंजुळाचं नुकतं लग्न झालं होतं, दोघंही त्याच पाड्यावरची. जातं, कोंबड्या, भाताच्या कणग्या होड्यांत घातल्या. गुरं ओहोटीला पोहवत नेली. कोण कुठे, कोण कुठे पांगले. माझ्या बापाचा साडू मुलुंडच्या मिठागरात होता, म्हणून आम्ही तिकडे गेलो. लढाई संपल्यावर पाडा परत बसला, पण बापाला मिठागरात मुकादमी मिळाली होती, तो राहिला. तेव्हा पाड्याच्या म्होरक्यांनी निरोप धाडला: येत नाय तर गावच्या विहिरीवर तुमचा हक्क नाय. बाप म्हणाला, "मग त्या विहिरीचं पानी मी पिनार नाय, न माझा पोरगा पिनार नाय." बाप मरेपर्यंत गेला नाही. मीही गेलो नाही. आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द.

मी रात्रभर विचार करून मंजुळाला सांगितलं, "बाप प्यायचं नाही म्हणाला. आंघोळीबद्दल काही बोलला नव्हता."

"वकील व्हायला पायजे होतात," ती म्हणाली, आणि कळशी चिंचेने घासायला बसली.

शनिवार, खाडीपार

बसचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. खाडीपासून पुढे मात्र डोळे उघडले. भरती होती. होडीवाल्याने वल्हं टाकलं आणि दोन्ही अंगांनी तिवरं सरकायला लागली, बगळे त्यांच्यावर कपडे वाळत घातल्यासारखे. मागे वळून पाहिलं तर बोरिवलीच्या इमारती आणि त्यांच्या डोक्यावर कान्हेरीचा डोंगर. पुढे नुसतं हिरवं नि निळं. मुलुंडला आम्ही आभाळ गॅलरीएवढं पाहतो. इथे मान वळवावी तेवढं आहे.

पाड्याच्या बांधावर एक म्हातारा बैल धुवत होता. मी ओळखला. माझ्याबरोबरचा काथोड. आम्ही एका लंगोटीत चिंबोऱ्या धरल्या आहेत. त्याने बैलाच्या पाठीवरून मला न्याहाळलं.

"कोन? हिऱ्या? अजून मेला नाय?"

"तुला पोचवून जाईन म्हटलं."

"मग बस. मना घाई नाय." आणि बैलाला थाप मारून म्हणाला, "कर्नल, सलाम कर. पावना आलाय."

पाड्यावरच्या बैलांची नावं कर्नल, मेजर, कॅप्टन अशी आहेत. लष्कर गेलं पण पाड्यावर उरलं पुष्कळ. काथोडच्या घराचं दार विमानाच्या खोक्याच्या फळ्यांचं, त्यावर अजून इंग्रजी अक्षरं उलटी दिसतात. भात मोजायला शिपायांच्या बिस्किटांचा डबा. कोंबड्यांच्या खुराड्याला काटेरी तार, अशी की मुंगूस परत गेलं पाहिजे. मला हे फार आवडलं. फौजेने यांचं घर मोडलं, यांनी फौजेचं मोडून घर केलं.

ओटीवर बसलो. काथोडची मोठी बहीण सोनूबाय बाहेर आली. विधवा, भावाकडेच राहते, मंजुळाची लहानपणची मैत्रीण. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी हात जोडले.

"बापाची शपथ आहे."

काथोड भडकला. "माज्या ओटीवर बसून माजं पानी नको? उठ, कर्नलच्या गोठ्यात बस."

"ताडी चालेल," मी म्हणालो.

ताडी आली. मग शहाळं आलं. मग जेवण: तांदळाची भाकरी, तापल्या तव्यावरचे निवटे मासे, वालाचं बिरडं आणि जवळ्याची चटणी, एवढी तिखट की कान वाजायला लागले. मुलुंडला मासळी तळली की शेजारीण धाडकन खिडकी लावते. इथे शेजारीण वासावरून मागच्या दाराने आत आली, न विचारता ताट घेऊन बसली, आणि मी कोण ते जेवण झाल्यावर विचारलं. जिभेला आग लागलेली, आणि मी पुन्हा ताडीच मागितली.

मंजुळा म्हणाली, "माडाला न ताडाला पानी कुठनं मिलतंय? मुलुंडवरनं येतंय काय?"

सगळी ओटी हसली. मी ऐकलं नाही असं केलं. त्या वयात तेवढी सोय असते.

शनिवार, दुपारी, देवीपुढे

ताडी उतरवायला काथोडने मला पाडा दाखवला. त्याने जे सांगितलं ते असं. परत आले तेव्हा इथे घर नव्हतं, झाड नव्हतं, कुंपण नव्हतं. शिपायांनी सगळं सपाट करून कवायतीचं मैदान केलेलं. उभ्या राहिलेल्या दोनच गोष्टी, विहीर आणि गावदेवी.

"मग घरं कुठे होती ते कसं कळलं?"

"विहिरीवरनं. आमच्या म्हाताऱ्यांनी विहिरीला पाठ लावली न पावलं टाकली. उजवीकरं नामाचं, त्याच्या बाजूला आमचं, असं सगलं परत मांडलं. एक घर चुकलं नाय."

विहीर मी पाहिली. गोल, सिमेंटचा कठडा. पाणी चांगलं होतं, वाकून पाहिलं, स्पर्श केला नाही.

"हा कठडा आपल्या वेळी नव्हता."

"सोल्जरांनी बांधला. तेवढं चांगलं काम केलं. पन देवीचं वाईट केलं."

देवीचं काय केलं ते पाहायला गेलो. आमची गावदेवी म्हणजे शेंदूर लावलेली शिळा. माझ्या लहानपणी ती पाड्याच्या बाहेर, वेशीवर होती. आता ती सदू नावाच्या माणसाच्या अंगणात, तुळशीच्या आणि मोरीच्या मधोमध बसलेली. सदूची सून तिला वळसा घालून कपडे वाळत घालत होती.

"सोल्जरांनी हलवली," काथोड म्हणाला. "वेशीवरनं उचलून गावात आनून टाकली. परत न्यावी तर कोप व्हायचा. म्हनून दर साली जत्रेला आमी पहिला नारल माफीचा देताव. आई, तुला परक्यांनी हलवलं, राग धरू नको."

मी देवीपुढे उभा राहिलो. हात जोडले, वळसा घालून तिच्या मागे आलो, मान वर केली, आणि समोर पाहतच राहिलो. खाडीपलीकडे कान्हेरीच्या डोंगराला एक खाच आहे, दोन शिखरांच्या मधली. लहानपणी आईने मला इथेच उभं करून सांगितलं होतं, देवी त्या खाचेतून येणारा सूर्य पहिली बघते. आणि देवीच्या डोक्याच्या बरोबर रेषेत ती खाच होती. जराही इकडेतिकडे नाही. जन्मभर मिठागरात मी काठ्या रोवून, डोळा लावून बांध सरळ काढले आहेत. रेष मला कळते.

"काथोड," मी म्हणालो, "देवी हललेली नाही."

"मग?"

"गाव हललंय."

काथोडने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग ओरडायला लागला. ओरडणं ऐकून नामा आला, सदू आला, पाड्यातले सगळे बाप्ये जमले. मी त्यांना एकेकाला देवीमागे उभं करून खाच दाखवली. लष्कर डोंगर हलवत नाही, एवढं तरी मान्य करा म्हणालो. एकाने मान्य केलं, दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

"आमी विहिरीवरनं मोजलं!" नामा म्हणाला.

"विहीर तीच कशावरून?"

"विहीर ती विहीर! विहीर काय दोन असतात?"

तेव्हा सदूच्या पडवीतून सोनूबायचा आवाज आला. ती आणि मंजुळा मघापासून तिथे पान लावत बसल्या होत्या.

"बाप्यांनी कवा पानी भरलंय जन्मात? तुमाला काय ठावं विहीर कंची ते?"

सगळे वळले.

"जुनी विहीर सोल्जरांनी डबे न दगड टाकून बुजवली," सोनूबाय म्हणाली. "ही त्यांनी नवी खनली. आमी पहिल्या दिवशी कलशी सोडली न बोल्लो, हे पानी आपलं नाय. आपलं पानी जरा मचूल, मातीच्या वासाचं. तुमचे म्हातारे बोल्ले, बायकांना काय कलतंय. बरं, मग नाय कलत. आमी गप."

"घरं बांधेपर्यंत गप?" काथोड म्हणाला.

"कौलं चढली तवा परत सांगनार होतो. पन तुमी सगले इतके खुशीत होता."

मग सदू, ज्याच्या अंगणात देवी, तो हळूच म्हणाला, "म्हंजे इतकी सालं आपन माफी मागतोय ती..."

"चोर आपन न माफी सोल्जरांच्या नावानं," सोनूबाय म्हणाली. "देवी हसत असंल."

पहिला नामा हसला. मग एकेक करून सगळं अंगण. मी काथोडला विचारलं, "मग माझं घर कुठे होतं?" त्याने देवीवरून पावलं टाकली, मी बरोबर टाकली, आणि दोघं थेट सदूच्या म्हशींच्या गोठ्यात शिरलो. आईची चूल जिथे असायची तिथे एक म्हैस रवंथ करत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच सॉरी म्हणालो.

पण हसणं ओसरलं तेव्हा मला मुलीचा मामा आठवला. जी विहीर मी साखरपुड्यात पंचांपुढे सांगितली, ती नव्हतीच. कठड्याची विहीर फौजेची. तिचं पाणी आणलं तर मी खोटा, आणि खरी विहीर दगडांनी बुजलेली. मामाचं बोलणं खरं होत होतं. मी ओटीवर जाऊन बसलो.

एक फायदा झाला. फौजेच्या विहिरीला बापाची शपथ लागू नव्हती. मी दोन तांबे घटाघटा प्यालो.

रविवार, पहाट

पहाटे गाण्याने जाग आली. पाड्यातल्या बायका काथोडच्या ओटीसमोर जमल्या होत्या, केसांत केवड्याचं पान, आणि मधे आमची मंजुळा, डोक्यावर कळशी. गात गात त्या सिमेंटच्या विहिरीच्या दिशेने निघाल्या.

मी धावत आडवा गेलो. "अगं, ते पाणी नको. खोटं आणून काय करू?"

"बाजूला व्हा," मंजुळा म्हणाली. "पान्याच्या वाटेवर बाप्या आडवा येत नाय."

मी आणि काथोड बघत राहिलो. बायका विहिरीपर्यंत गेल्या, तिला वळसा घातला, न थांबता केळींच्या मागून फिरल्या आणि काथोडच्याच परसात शिरल्या.

"माज्या परसात कशाला?" काथोड म्हणाला, आणि दोघंही मागे गेलो. सोनूबायने आम्हाला केळीपाशी अडवलं आणि तोंडं भिंतीकडे करून उभं केलं, शाळेत चुकलेल्या पोरांसारखं. मी दुसरीपर्यंतच शिकलो असलो तरी असं उभं राहायचा सराव होता.

पाठीमागे दगड सरकल्याचा आवाज आला. "भांडी घासायचा दगड तो," काथोड म्हणाला, "मी तर त्यावर कितीदा पाय धुतलं." मग पाण्याचा बुडबुड आवाज, गाणं, हसणं.

सोनूबायने गाणं चालू असतानाच सांगितलं. इथेच बुजवलेल्या खऱ्या विहिरीच्या कडेने पाणी वर येत होतं. पाडा परत बसला तेव्हा बायकांनीच तिथले डबे उपसले, बुड फोडलेलं मडकं त्या झऱ्याच्या तोंडात बसवलं आणि वर दगड ठेवला. तेव्हापासून पाड्यातल्या प्रत्येक लग्नाची हळद याच पाण्याने झाली. फौजेच्या पाण्याने पोरापोरींना न्हाऊ घालायचं, हे त्यांच्यातल्या एकीलाही पटलं नव्हतं. पाणी आणायला बाप्या जात नाही, म्हणून बाप्यांना कळलं नाही.

"माज्या हलदीला पन?" काथोडने भिंतीला विचारलं.

"तुज्या दोन्ही पोरांच्या पन."

काथोडने कपाळ भिंतीला टेकवलं. मग मला कोपराने ढोसून म्हणाला, "हिऱ्या, वाट लागली रं आपली."

मंजुळा बाहेर आली. कळशी भरलेली, वर आंब्याचा टाळा, पाणी तिच्या कपाळावरून गळत होतं. तिला असं मी लग्नात पाहिलं होतं.

परत मुलुंड

निघताना पाडा बांधापर्यंत आला. नामाने जत्रेचं आमंत्रण दिलं आणि विचारलं, माफीचा नारळ आता बंद करायचा का. यावर दोन तट पडले. मी म्हणालो, चालू ठेवा, फक्त सोल्जरांच्या जागी आपलं नाव घ्या. होडी सुटली तरी वाद ऐकू येत होता.

कळशी भुईला टेकवायची नाही, म्हणून होडीत मंजुळाच्या मांडीवर, बांधावर माझ्या खांद्यावर. भरायला बाप्या चालत नाही, पण आता ती भरलेली होती, तेव्हा माझा हात चालत होता. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मावशी, हंडा खाली ठेवा."

"नाय ठेवनार. नवरदेवाचं पानी हाय."

"मग सीट अडते. तिकीट लागेल."

"अर्धं लागेल," मी म्हणालो. "नवरदेव अजून यायचाय."

सगळी बस हसली. एका बाईने उठून मंजुळाला खिडकी दिली, आणि उतरेपर्यंत कळशीच्या काठावर आपला हात ठेवला.

हळदीला मुलीचा मामा आला. सोन्याची चेन तीच. मी वाटच पाहत होतो. "पानी कुठलं?" त्याने विचारलं, आणि मी लढाईपासून सुरुवात केली. देवी, खाच, म्हैस, परस, सगळं. मांडवातले लोक जवळ सरकले. वडे थंड झाले. मामा पान चघळायचा थांबला आणि शेवटी म्हणाला, "म्हंजे पानी बायकांनी आनलं. तुमी काय केलंत?"

"मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो," मी म्हणालो. "ते सोपं नसतं." मामा असा हसला की पान उडालं. उठून त्याने पहिली हळद महेशला स्वतः लावली आणि दुसरी माझ्या गालाला.

पोराला न्हाऊ घालून कळशीच्या तळाशी तांब्याभर पाणी उरलं. मांडव रिकामा झाल्यावर मंजुळा ते घेऊन माझ्याजवळ बसली.

"प्या."

"हे खऱ्या विहिरीचं आहे. बापाची शपथ."

"आपल्या ज्ञानाच्या लग्नाला," ती म्हणाली, ज्ञाना म्हणजे आमचा मुलगा, महेशचा बाप, "मी बहिनीकरं जाते सांगून गेले होते ना? सोनूकरं गेले होते. हेच पानी आनलं होतं."

मी तांब्यात वाकून पाहिलं.

"हलद झाल्यावर असंच उरलं होतं. मामंजींना तहान लागली, मी तेच दिलं. चोरून. त्यांनी एक घोट घेतला न थांबले. तोंडात धरून ठेवला. मना वाटलं आता तांब्या फेकतील. माज्याकरं बगितलं, मग सगलं प्याले न तांब्या परत पुढं केला."

"काही बोलला नाही?"

"बोल्ले ना. मुलुंडचं पानी आज बरं लागतंय."

मंजुळाने तांब्या माझ्या हातात दिला. मचूळ होतं, ओल्या मातीच्या वासाचं, आणि जरा हळदीचं. मी सगळं प्यालो आणि तिला म्हणालो, मुलुंडला इतकं चांगलं पाणी येतं हे तू मला आधीच सांगायला हवं होतंस.